काचेमागची आत्या

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी सातवीत जाणार होते. त्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या मूर्तिकारांकडे आमच्या नागपुरातल्याच एका संग्रहालयाचं काम आलं होतं. जुन्या काळचं खेडं दाखवणारे प्लॅस्टरचे पुतळे. त्यांना एका पोक्त बाईचा चेहरा हवा होता. माझी आत्या उमरेडहून आमच्याकडे राहायला आली होती, तिला त्यांनी विचारलं.

"नुसतं बसाचंच हाय न भाऊ?" म्हणून ती तयार झाली.

दुपारभर ती त्यांच्या ओसरीत बसे. ओल्या मातीचा वास आणि कडुलिंबाची संथ हलणारी सावली. आत्याचे डोळे जड होत. पेंग आणि जाग यांच्या मधला तो चेहरा मूर्तिकारांनी मातीत अलगद धरला; प्लॅस्टरचा पुतळा त्यावरूनच ओतायचा होता.

हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल त्या संग्रहालयात गेली. उंच छताच्या दालनात तळ्याच्या तळाशी असावा तसा हिरवट उजेड होता. एका काचेमागे पंच बसलेले, मधोमध हात बांधलेली बाई, आणि खाली पाटी : 'चेटकिणीचा न्याय'. माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी काचेवर काठी टेकवली.

"ही चेटकीण. हिला पोत्यात घालून नदीत टाकायचे. बुडली तर निर्दोष, तरंगली तर चेटकीण."

मुली एकमेकींना बिलगल्या, काही हसल्या. मी त्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिले. ती माझी आत्या होती. काच मध्ये नसती तर हात लावून तिला हलवलं असतं.

आत्या तेव्हा पुन्हा आमच्याकडे आली होती. घरी येऊन मी तिला सांगितलं. तांदूळ निवडणारा आत्याचा हात थांबला. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "मले दाखव वं."

रविवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. काचेसमोर खूप वेळ उभी राहिली. तेच गृहस्थ जवळ आले, तेव्हा तिनं विचारलं, "इनं केलं काय होतं?"

"काही नाही. गावातली गुरं मेली, हिच्यावर आळ आला."

"मंग लेकरायले चेटकीण काहून सांगून राहिले? आळ आलेली बाई म्हना न."

गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं, मग पुतळ्याकडे. "बाई, तुम्हीच का या?"

"हो. मले का माहीत, मले काय बनवून राहिले ते."

त्यांनी तिच्यासाठी स्टूल आणलं. तेवढ्यात लहान मुलांची एक रांग आत आली. गृहस्थ जरा घुटमळले. मग काठी खाली ठेवून म्हणाले, "ही गावातली एक बाई. हिच्यावर आळ आला होता."

"मग ती घरी गेली का?" एका मुलीनं विचारलं.

गृहस्थांनी आत्याकडे पाहिलं. आत्याच त्या मुलीला म्हणाली, "नाही गेली, बाई." आणि उठून माझा हात धरला.

पाटी पुढे कित्येक वर्षं तशीच होती. मी कॉलेजात असताना एकदा गेले, तर गृहस्थ बरेच थकले होते, पण 'आळ आलेली बाई' असंच सांगत होते. आत्या पुन्हा कधी तिकडे गेली नाही. आमच्याकडे आली तरी मूर्तिकारांशीही ती बरेच दिवस बोलत नव्हती.