एकादशीची भाकर

सयांनो, आज एकादशीले मी चुलीवर भाकर टाकली, अन् मले त्याचा गर्व हाय.

माही लेक शांता सोमवार, गुरुवार, शनिवार, सारे उपास धरे. जेवायचंच भेव होतं तिले, अन् आमी कौतुक करो, "केवढी देवभक्त पोरगी!"

केस गळाले, पाळी थांबली, तवा बैलगाडीत घालून वाशीमले नेलं. डॉक्टरीणबाई म्हने, "हे उपास नाहीत, आजार हाय. रागावू नका. रोज तिच्यासंग जेवा." तवापासून आमी मायलेकी एका ताटात जेवतो.

आज तिनं आपल्या तोंडानं मागतलं, "माय, भूक लागली. भाकर दे."

जाऊबाई भडकली, "एकादशीले?"

मी म्हनलं, "देवाले मी सांगीन."

तुमच्या घरी जिच्या उपासाचं कौतुक होते, तिचं ताट कधी पायलं का तुमी?