दोनशे गावं आणि शांतता

टपालमावशी तेवीस वर्षं गावोगावचं टपाल खणांत लावत होत्या आणि हेड सॉर्टरच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. परीक्षा सोपी होती. समोर दोनशे गावांची यादी, आणि कुठल्या गावाचं टपाल कितव्या खणात जातं ते लिहायचं. मावशींचा हात डोळे मिटूनही बरोबर खणात जायचा. पण हाताला क्रमांक विचारता येत नाही. संधी तीनच. तिसरीही गेली असती, तर निवृत्तीपर्यंत उभ्यानंच टपाल लावायचं, आणि मावशींचे गुडघे आत्ताच नाही म्हणत होते.

आधीच्या दोन्ही वेळी घरच्यांनी फार सहकार्य केलं. तेच नडलं. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद करून नुसती तोंडं पाहिली. नवरा चपला हातात घेऊन घरात फिरला. त्या शांततेत मावशींना शेजारचं भांडण ऐकू यायला लागलं, तेही अर्धवट. उरलेलं अर्धं काय असेल, या विचारात चाळीस गावं गेली.

तिसऱ्या वेळी त्यांनी फर्मान काढलं, "कोणी गप्प बसायचं नाही."

"अगं, पण तुझा अभ्यास?" नवरा म्हणाला.

"तुम्ही गुळण्या करा. चांगल्या खळखळून करा."

मग मुलीनं मिक्सर फिरवला, गुळण्या झाल्या, आणि क्रमांक डोक्यात बसत गेले. सासूबाईंच्या मालिकेतली सून घर सोडून गेली, त्या भागात तर मावशींनी एकदम सव्वीस गावं गिळली.

परीक्षेच्या खोलीत मात्र कोणी गुळण्या करत नव्हतं. वीस मिनिटांत मावशींना पाच गावं आठवली. मागच्या बाकावर त्यांच्याच कचेरीतले कापूसराव होते. पेन्सिल पडली तरी दचकणारा माणूस. दोन्ही कानांत कापूस घालून भराभर लिहीत होता. शेवटी मावशींनी हळू आवाजात घर सुरू केलं.

"अहो, नळ बंद करा... मिक्सरचं झाकण धर गं... आई, राहू द्या आवाज..."

पेन चालू लागलं.

कापूसरावांनी हात वर केला. "साहेब, या बाई इथे संसार करताहेत! कापसातनंसुद्धा येतोय!"

पर्यवेक्षक मावशींपाशी आले. "कोणाशी बोलताय?"

"सासूबाईंशी."

"त्या इथे आहेत?"

"नाहीत ना. तीच तर पंचाईत आहे."

पर्यवेक्षक शिस्तीचे होते. त्यांनी शिक्षा म्हणून मावशींचं टेबल खिडकीबाहेर, नजरेसमोर राहील असं, मालधक्क्यावर मांडायला लावलं. तिथे ट्रक मागे येत होता, हमाल पार्सलं फेकत होते आणि फेकताना एकमेकांच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होते. मावशींनी चाळीस मिनिटं मान वर केली नाही. एक पार्सल पायाशी आदळलं, तेव्हा त्यांनी पाय सरकवला आणि पुढचं गाव लिहिलं.

निकाल लागला. मावशी एकशे त्र्याण्णव, कापूसराव एकशे चौऱ्याण्णव. दोघंही हेड सॉर्टर झाले. दोघांनाही बसायला हातांची, गादीची खुर्ची मिळाली.

खुर्च्या दोन होत्या. खोली एकच होती.