खांबाशी फुगडी

आक्का कधी कुणाचा हात धरायची नाही. मनगट धरायची. लग्नात भेटो, बाजारात भेटो, दवाखान्याच्या रांगेत भेटो, आधी तिची बोटं आपल्या मनगटाभोवती बसायची आणि मगच ती विचारायची, कशी हायस. नव्या माणसाला वाटायचं, ही बाई आपल्याला धरून कुठंतरी नेणार. बांगड्या रुतायच्या, वळ उठायचे. कुणी कुरकुर केली तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "हात घामानं सुटतो. मनगट सुटत न्हाय."

हे तिला फुगडीनं शिकवलं होतं. कसबा बावड्यात तिचं दोन खोल्यांचं घर, पुढं सोपा, म्हणजे ओसरी, आणि अंगण. नवरा साखर कारखान्यात होता, तो लवकर गेला. मुलगी एकच, ती आजऱ्याला दिलेली. दोन म्हशी राखून, दूध घालून आक्कानं तिला शिकवलं, तिचं लग्न केलं. धारा काढून काढून बोटं लोखंडाची झाली होती. पुढं म्हशी विकल्या, पण बोटं स्वस्थ बसेनात, म्हणून तिनं आमचं झिम्मा-फुगडीचं मंडळ काढलं. त्यात बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या बायका. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला साखर. श्रावण लागला की तिच्या अंगणात सराव सुरू व्हायचा, आणि गौरी-गणपतीत जिथं स्पर्धा असेल तिथं आम्ही एका रंगाच्या नऊवारी नेसून हजर.

ज्यांनी फुगडी लांबून बघितली आहे त्यांना तो पायांचा खेळ वाटतो. आक्का म्हणायची, फुगडी पाठीत असते. पायाशी पाय जुळवायचा, हातांचा तिढा घालायचा आणि पाठ मागं टाकून द्यायची, अगदी पडेपर्यंत. पडत का नाही, तर समोरचीनंही तेवढीच पाठ टाकलेली असते. एकीचं वजन दुसरीवर. चक्कर येऊ नये म्हणून तिचा एक नियम होता, फिरताना इकडंतिकडं बघायचं नाही, समोरचीच्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघायचं. "डोळं हललं की गेलीस," असं ती बजावायची आणि जिचे डोळे हलले तिला खेळ थांबवून पाणी प्यायला पाठवायची.

कित्येक वर्षं तिची जोडीदारीण मी होते. माझी सुरुवात पाटीतल्या बांगड्यांपासून झाली. दारोदार फिरून विकल्या, आणि आज पेठेत माझं साड्यांचं दुकान आहे. मधलं काही मला कुणी फुकट दिलेलं नाही. व्यापारी सुरतेचा असो की इचलकरंजीचा, भाव पाडल्याशिवाय मी उठत नाही, आणि माझा आवाज शेजारच्या गल्लीत जातो हे मला सांगायला कुणी नको. आक्का मला शेटाणी म्हणायची. भाजीवालीशी चार आण्यांसाठी भांडणारी शेटाणी जगात एकच हाय, असं ती मुद्दाम भाजीवालीलाच सांगायची.

लॉकडाऊनच्या आदल्या श्रावणातली गोष्ट. स्पर्धा तोंडावर आली होती. सराव संपला, सगळ्या बायका चहाला बसल्या होत्या आणि आक्का मध्ये उभी राहून म्हणाली, "शेटाणी, तू वढतीस. गिऱ्हाईक वढल्यागत वढतीस. समोरची दमती. उद्यापास्नं दीपाली माझ्यासंगं."

दीपाली म्हणजे मंडळातली सगळ्यात तरुण, बँकेत नोकरीला, उंच, नुकतीच आलेली. तिला तिढासुद्धा नीट घालता येत नव्हता. बायकांनी माना खाली घातल्या. एकीनं तोंडाला पदर लावला, ती हसत होती की खोकत होती हे मी आजही सांगू शकत नाही. मला जोडीतून काढायचं होतं तर काढायचं होतं. बाजूला बोलावून सांगायचं होतं. इतक्या वर्षांत माझ्या ओढण्यानं कोण पडलं होतं? मी तिला तोंडावर म्हणाले, हा शब्द मागं घे. ती चहा गाळत राहिली. मी कप तसाच ठेवला आणि निघाले. त्या वर्षी मी स्पर्धेला गेले नाही. बक्षीस त्यांना मिळालं, याचं दुःख मला त्या अपमानापेक्षा जास्त झालं.

पुढं सगळं बंद झालं. दुकानाला कुलूप, रस्त्यावर नाकाबंदी, घराघरांतून लोक एकमेकांच्या शिंका मोजायला लागले. ज्या खेळात हातात हात, पायाशी पाय आणि तोंडासमोर तोंड, तो खेळ तर आधी मेला. मला वाटलं, आता आक्का बसेल गप्प. पण तिनं नातीच्या वयाच्या शेजारणीकडून व्हिडिओ कॉल शिकून घेतला आणि रोज संध्याकाळी मंडळाला उभं करायला लागली. मी बोलत नव्हते, पण माझी सून फोन लावून टेबलावर ठेवायची आणि मी भाजी निवडत कडेनं बघायचे. मजाच होती सगळी. कुणाचा नुसता भांगच दिसायचा, कुणाचा पंखा. कुणी स्वयंपाकघरात सूप नाचवायची, कुणी खाली बसून कोंबडा घालताना कॅमेऱ्यातून नाहीशी व्हायची आणि मागून नातवंडांचं हसू ऐकू यायचं. एकीच्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं धपधप आवाजाची तक्रार केली, तर आक्कानं त्याला फोनवर बोलावून घेतलं आणि त्याच्या बायकोला मंडळात घेतलं.

एकट्यानं करायचे खेळ झाले, पण फुगडी एकटीनं कशी करायची? एके दिवशी आक्कानं तेही दाखवलं. सोप्याच्या लाकडी खांबाला तिनं जुनी साडी बांधली होती. दोन्ही टोकं मनगटांना वेढून, पाठ मागं टाकून ती खांबाभोवती फिरत होती. सत्तरीला टेकलेली बाई, पायात बळ किती उरलं होतं देव जाणे, पण पाठ सरळ आणि नजर खांबावर. बायका हसल्या. ती फिरता फिरता म्हणाली, "खांब बरा. वढत न्हाय." हे कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं. मी टेबलावरचा फोन पालथा घातला.

पण त्याआधी मला एक दिसलं होतं. खांबावर तिनं टिकली लावली होती. नजर ठेवायला कपाळ नको का, म्हणून. साडीच्या धंद्यात माझी सगळी हयात गेली, उंची मला नजरेनं कळते. ती टिकली दीपालीच्या कपाळाच्या उंचीला नव्हती. दीपाली असती तर ती बरीच वर लागली असती. मंडळात त्या उंचीची मी एकटीच. बुटकी.

थोडी सूट मिळाली, एक दिवसाआड दुकानं उघडायला लागली, तेव्हा मी स्कूटर काढून बावड्याला गेले. टिकली बघून विरघळले, असं कुणी समजू नये. मी गेले ते हिशेब चुकता करायला. ज्या बायकांसमोर बोललीस त्या आता रोज फोनवर जमतात, तर त्यांच्यासमोरच शब्द मागं घे, एवढं मला तिच्याकडून पाहिजे होतं. फाटकातच उभी राहिले. तोंडाला मास्क. तीही सोप्यातून पुढं आली नाही. भेटूनही पहिल्यांदाच तिची बोटं माझ्या मनगटाशिवाय राहिली. दोघींना हातांचं काय करायचं ते समजेना.

मी आधी टिकलीचं विचारलं. ती म्हणाली, खांबाचा रंग वरती उडालाय, टिकली बसत नाही. मी बघितलं, रंग वरपर्यंत शाबूत होता. मग मी माझी मागणी मांडली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आदी उभी ऱ्हा."

तिनं खांबाची साडी सोडली. नऊवारी, दुमडून पीळ दिलेली. एक टोक माझ्याकडं फेकलं. दोघींच्या मध्ये दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर, आणि त्या अंतरावरून आम्ही पाठ टाकली. शेजारी गच्चीवर येऊन बघत होते. कुणी हसलं, कुणी मोबाईल काढला. फुगडी कसली, बैलांनी मळणी घालावी तशा आम्ही अंगणाला फेऱ्या घालत होतो. पण साडी ताणली गेली आणि मला चटका बसला. तिच्या बाजूला वजनच नव्हतं.

कापड हातात धरलं की पलीकडं काय आहे ते मला कळतं. व्यापारी थान कसं ओढून दाखवतो यावरून मी सूत ओळखते. पलीकडून येणारा ताण आक्काचा नव्हता. मी पाठ पुरती टाकली असती तर ती माझ्यावर येऊन आदळली असती. मी गुडघे वाकवले, कोपर सैल केलं, अर्धं अंग पुढं घेतलं आणि तिला वाटेल एवढाच ताण ठेवून फिरत राहिले. ती मात्र सगळी पाठ टाकून फिरत होती, नजर माझ्या कपाळावर. मास्कच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते हलत नव्हते.

ती पायरीवर बसली. श्वास बराच वेळ जागेवर येईना. मी पाणी आणायला पुढं सरकले तर तिनं हातानंच लांब राहायला सांगितलं.

मी म्हणाले, "आता सांग. ओढलं मी?"

"वढलंस की," आक्का म्हणाली.

आयुष्यात एखाद्या सौद्यात मी गप्प बसले असेन तर तो हाच. दवाखान्यात जा, आजऱ्याला मुलीकडं जाऊन राहा, एवढं मी सांगितलं. तिकडं नाकाबंदी हाय, आणि मंडळाला कोण उभं करणार, हे तिचं उत्तर. माझ्या पिशवीतलं पीठ आणि शेंगदाणे तिनं फाटकाशी ठेवायला लावले आणि मी वळले तेव्हा मागून ऐकवलं की शेंगदाणे खवट असतील तर परत पाठवीन.

गौरी जवळ आल्या तेव्हा तिला ताप आला. शेजाऱ्यांनी गाडी बोलावली. मुलगी परवानगी काढून आजऱ्याहून निघेपर्यंत तिला आत नेलं होतं, आणि आत कुणाला सोडत नव्हते. मंडळाच्या बायका फोनवर रडायच्या. मला रडणं जमत नाही, मला राग येतो. ज्यांना ज्यांना ओळखत होते त्या सगळ्यांना मी फोन करून ओरडले, आणि एका बिचाऱ्या नर्सबाईनं माझ्या कटकटीला कंटाळून आक्काच्या कानाला फोन लावून दिला.

तिचा आवाज बारीक झाला होता, मध्ये मध्ये हवा लागत होती. मंडळातल्या सगळ्यांची नावं घेऊन तिनं कोण कशी आहे विचारलं. मग मी म्हणाले, आक्का, मी सगळ्यांना व्हिडिओवर घेते. आता तरी म्हण, शेटाणी ओढत नाही.

"खोटं बोलायला मला काय झालंय?" ती म्हणाली. "घरी आलो की उभी करतो तुला. मग बघू."

त्यानंतर तिचा फोन कुणी उचलला नाही.

तिला नेताना आम्ही कुणी नव्हतो. मुलगीसुद्धा लांबच उभी. गौरी आल्या आणि गेल्या, त्या वर्षी कुणाच्या अंगणात पाय वाजला नाही. मी दुकानाच्या कुलुपासमोर बसून तिला शिव्या दिल्या. माणसं जाताना हात जोडतात, चुकलं-माकलं म्हणतात, देणं-घेणं मिटवतात. ही बाई जाता जाताही आपल्या शब्दावर अडून राहिली. पण पुढं कधीतरी माझ्या ध्यानात आलं की तिनं तो शब्द मागं घेतला असता, तर ती परत येणार नाही हे मला तिथंच, फोन हातात असतानाच कळलं असतं. तिनं मला ते कळू दिलं नाही. उद्या पुन्हा भांडायचं आहे अशा आवाजात ती माझ्याशी बोलली.

सगळं उघडल्यावर मंडळ पुन्हा जमलं. बावड्याचं घर मुलीनं भाड्यानं दिलं होतं, म्हणून माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत. काही बायका आलेल्या नव्हत्या, त्या का आल्या नाहीत ते कुणी विचारलं नाही. आक्काच्या जागी आता मी उभं राहावं असं सगळ्यांनी ठरवून ठेवलं होतं. दीपाली उठली. चांगली पोरगी आहे, मनात काही ठेवून बोलत नाही. ती म्हणाली, "मला त्या दिवसापासून लागून राहिलंय काकू. तुम्ही अजिबात ओढत नव्हता. आक्का चुकल्या. सगळ्यांना तेव्हाही माहीत होतं." बाकीच्या माना हलवायला लागल्या. एक म्हणाली, व्हय, ते बरोबर झालं न्हाय.

हेच वाक्य मला पाहिजे होतं. याच बायकांसमोर, याच आवाजात. एवढ्या वर्षांनी ते आयतं माझ्या पुढ्यात आलं होतं, आणि माझं डोकं असं फिरलं की खालच्या गिऱ्हाइकांनी जिन्यात येऊन बघितलं.

"गप बसा," मी म्हणाले. "आक्का चुकली असं माझ्या खोलीत कुणी म्हणायचं न्हाय. ती बोलली, ते मला बोलली. तो शब्द मागं घ्यायचा तर तिनं घ्यायचा. तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी घ्यायचा न्हाय."

दीपालीचे डोळे भरले. बाकीच्या भिंतीकडं बघत राहिल्या. मी पदर खोचला आणि तिला म्हणाले, रडून झालं असेल तर समोर ये.