मडगार्ड झरीला होतं

आधीच सांगतो, मी गॅरेजवाला माणूस. डहाणू रोडला लागूनच मसोली, तिथे माझं गॅरेज आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "भाऊ, गाडीत काहीतरी वाजतंय, पण काय ते कळत नाही." मी म्हणतो, वाजतंय म्हणजे काहीतरी ढिलं आहे, नाहीतर घासतंय. तिसरं कारण नसतं. भुतंखेतं, चकवा वगैरे लहानपणापासून पुष्कळ ऐकलंय, चहा पीत पीत. विश्वास शून्य! आजही शून्यच आहे... फक्त एक दिवस सोडून. तो दिवस लिहितो. हसायचं तर खुशाल हसा. माझी बायकोही हसते, पण ती त्यात साक्षीदार आहे.

गोष्ट बाबांच्या गाडीची. जुनी टू-स्ट्रोक, लाल टाकीची. बाबा घोलवडच्या नर्सरीतून चिकूची कलमं घेऊन डोंगराकडच्या गावांना पोचवायचे. मागे आई बसायची, कलमांची टोपली मांडीवर घेऊन. संध्याकाळी झरीला घरी आले की हातपाय धुण्याआधी बाबा बांबूची एक काडी घेऊन गाडीपुढे उकिडवे बसायचे आणि पुढच्या मडगार्डच्या पोटातला चिखल खरवडून काढायचे. चिखल राहिला की पत्रा सडतो. "चिखल गाडीने खायचा, माणसाने नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग ती काडी ओटीवरच्या वाशात खोचून ठेवायची. बाबा गेले आणि गाडी चार वर्षं गोणपाटाखाली पडून राहिली.

ती मी कस्टम केली. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं होतं माझं. मागची फ्रेम कापली, सीट एकट्यापुरती ठेवली, हँडल रुंद केलं, जाड टायर टाकले आणि पुढचं मडगार्ड काढून टाकलं. मडगार्ड नसलं की पुढचं चाक काय मोकळं दिसतं! ज्याला आवड आहे त्यालाच ते कळेल. गुजरातकडची गिऱ्हाइकं यायची, "मडगार्ड क्यां छे, भाई?" म्हणून विचारायची आणि वर फोटोही काढायची. मी हवेतच होतो.

त्याच हवेत गाडी झरीला नेली. आईने गाडीभोवती एक फेरी मारली. मला वाटलं, आता कौतुक होणार. ती म्हणाली, "माझी बसायची जागा कापलीस होय रे?"

एवढंच. भांडली असती तर परवडलं असतं. काढलेलं मडगार्ड भंगारात द्यायला मी सोबत आणलं होतं, ते तिने माझ्या हातातून ओढून घेतलं, ओटीवर उताणं ठेवलं आणि त्यात कोंबड्यांना कोंडा घालायला लागली. मला डिवचायलाच, दुसरं काय! त्यानंतर वर्षभर आमचं बोलणं म्हणजे "जेवलास?" आणि "हो". मला ते लागत होतं. पण मीही तिचाच मुलगा, मान खाली घालतोय कशाला.

मधल्या काळात माझ्या लग्नाचं चाललं होतं. वय चौतीस. पहिलं स्थळ असंच गेलं. दुसऱ्या ठिकाणी मी ह्याच गाडीवरून गेलो, वाटेत पाऊस झालेला, आणि पोचलो तो नाकापासून बेंबीपर्यंत चिखलाने माखून. मुलीची आजी दारातच म्हणाली, "हा नांगर सोडून आला काय?" झालं, नकार. तिसरं स्थळ तलासरीच्या पुढे, डोंगराकडच्या एका पाड्यावरचं. मुलगी नर्स, नाव रंजना. मामांनी खूप खटपट करून जुळवून आणलेलं. आता हेही गेलं तर मी पुन्हा स्थळाचं नाव काढणार नाही, असं मामांनी बजावलं होतं.

नवरात्रातली पाचवी माळ होती. आई येणार नव्हती, कारण घटापुढचा दिवा सोडून ती घराबाहेर पडत नाही. आदल्या दिवशी मामांच्या हाती तिने एक पांढरा शर्ट पाठवला, स्वतः धुऊन, कडक इस्त्री करून. सोबत निरोप होता की शर्टावर एक डाग पडता कामा नये, आणि बसने जा.

मी बसने गेलो नाही. ज्याला मी हवा, त्याला गाडीसकट हवा, अशी माझी मिजास. आठवडाभर ऊन पडत होतं, रस्ते सुकलेले होते. मामा आधीच पुढे पोचले होते. सकाळी दहाला मी निघालो. पण पहाटे तिकडे चांगली सर येऊन गेली होती, हे मला काय ठाऊक!

तलासरी मागे टाकल्यावर रस्त्याचं काम चाललं होतं. सगळा रस्ता उखडलेला, काळपट करडा चिखल, त्यात खडीची चुरी आणि उकरलेल्या डांबराचे तुकडे. वळायला दुसरा रस्ता मला ठाऊक नाही. वेळ निघून चाललेली. मी मनात म्हटलं, संपलं. शर्टावरून एकदा हात फिरवला आणि आईची माफी मागितली... खरंच मागितली, तोंडाने. "आई, चुकलं माझं." मग गिअर टाकला.

साधारण अर्धा किलोमीटर. समोरून एक डंपर आला आणि माझं पुढचं चाक खड्ड्यात आपटलं. त्याच क्षणी माझ्या तोंडापुढे, हातभर अंतरावर आवाज आला — ठण्ण!

आता हा आवाज मी हजारदा ऐकलाय. चाकाने उडवलेला दगड मडगार्डच्या पत्र्याला आतून लागला की हाच आवाज येतो, दुसरा नाही. पण तिथे पत्राच नव्हता! नुसतं चाक होतं आणि वर हवा. हेल्मेट माझं अर्धं, तोंड उघडं. तो दगड आला असता तर डोळ्यातच आला असता.

पाड्यावर पोचलो, गाडी लावली आणि खाली बघितलं. शर्ट पांढराशुभ्र. मला वाटलं, मीच नीट बघत नाहीये. रंजनाचे वडील बाहेर आले. ते ट्रॅक्टर चालवतात, त्यामुळे माझ्याकडे बघायच्या आधी त्यांनी गाडीच बघितली. पुढचं चाक चिखलाने थापलेलं. मागचं चाकही तसंच. आणि मधे इंजिन कोरं, टाकी कोरी, हेडलाइटवर ठिपका नाही.

"धुतलंस कुठे वाटेत?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"मग हे कसं रे?"

रंजना पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने चाक बघितलं, मग शर्ट बघितला, आणि म्हणाली, "मडगार्ड नाही म्हणजे डोळे फुटायचे बाकी आहेत. आमच्या दवाखान्यात असे येतात, आठवड्याला एखादा." मी म्हटलं, लावतो. ती म्हणाली, "आधी लावा, मग बोलू." पण बोलली. चांगलं तासभर बोलली. मामा मिशीतल्या मिशीत हसत होते.

दुपारी मी थेट झरीला गेलो, आईला सांगायला. येताना रंजनाच्या वडिलांनी सांगितलेल्या लांबच्या वाटेने हायवेला लागलो, तो रस्ता कोरडा होता. बघतो तर आई ओटीच्या पायरीवर बसलेली आणि कोंबड्या अंगणाच्या पार टोकाला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "ह्यात चिखल कोणी भरला रे?"

ओटीवर मडगार्ड जसंच्या तसं उताणं होतं. त्याच्या पोटात ओला चिखल, पार कडेपर्यंत. काळपट करडा. खडीची चुरी, डांबराचे बारके तुकडे. आमच्या झरीच्या घराभोवती सगळी लाल माती, रस्त्याचं काम कुठेच नाही. ओटी सारवलेली, स्वच्छ. एक थेंबही बाहेर सांडलेला नाही.

आईने सांगितलं, अकराच्या सुमारास तिने कोंडा घातला आणि दिव्यात तेल घालायला आत वळली. मागे ठण्ण आवाज झाला. कोंबड्या फडफडून पळाल्या. तिला वाटलं, नारळ पडला. बाहेर आली तर हे!

मी मडगार्ड उचलून उलटं केलं. पाठीवर नवं टेंगूळ, आतून बाहेर आलेलं, लिंबाएवढं. मी सगळं सांगितलं... खड्डा, डंपर, आवाज, शर्ट. आई ऐकत राहिली. मग माझ्या शर्टाची कॉलर धरून तिने आतून-बाहेरून बघितली आणि एकदम रडायलाच लागली. रडता रडता हसत म्हणाली, "त्यांनी खाल्ला रे. तुझ्या वाट्याचा चिखल त्यांनी खाल्ला."

वाशात बाबांची काडी अजून होती. ती काढून आई उकिडवी बसली आणि पोटातला चिखल हळूहळू खरवडायला लागली. मी शेजारी बसलो. मग तिने विचारलं, मुलगी कशी आहे. वर्षभरानंतर आम्ही दोघं पोटभर बोललो. असं सुख मला तोवर माहीत नव्हतं.

कारण मी शोधलं. कोणी मुद्दाम तोच चिखल आणून ओतला? कोण आणेल, कशासाठी, आणि टेंगूळ कसं काढेल? चिखल जाड टायरमुळे बाजूला उडाला असेल म्हणावं, तर त्याच टायरवर पुढे दोनदा मुद्दाम चिखलातून गेलो आणि दोन्ही वेळा डोक्यापासून माखलो. आवाजाचं कारण न सापडलेलं हे माझ्या गॅरेजातलं एकच काम. पडून आहे. असू दे.

मागची सीट मी पुन्हा जोडली. पहिली आई बसली, घरापासून नाक्यापर्यंत. लग्नानंतर आता रंजना बसते. राहिलं मडगार्ड. तेच बाबांचं पुन्हा बसवावं म्हणून मी पट्ट्या वाकवून घेऊन गेलो, तर आई देईना.

"अगं, गाडीचं आहे ते!"

"गाडीला दुसरं लाव. हे इथून काम करतंय ना? मग कशाला हलवतोस?"

चालू मशीनला हात लावू नये, हे तर मीच गिऱ्हाइकांना सांगतो. गाडीला दुसरं लावलं.

आता कोंबड्यांना परात आहे. मडगार्ड ओटीवर तसंच उताणं असतं, शेजारी काडी. रोज संध्याकाळी गॅरेज बंद करून मी मसोलीच्या खोलीवर येतो, तेवढ्यात आईचा फोन येतो. "जेवलास?" ती आता विचारत नाही. आधी मडगार्डाच्या आत बोट फिरवून बघते, मग फोन लावते.

"कोरडं आहे," ती म्हणते. "पोचलास ना?"