अर्धी रेघ

लग्नाआधी, दिवाळीनंतरच्या कापूस वेचणीत मी मोबाइलवरच्या जपानी अक्षरांच्या परीक्षेत नापास झाले. पास झाले असते, तर जपानमधल्या वृद्धांच्या सेवेच्या नोकरीसाठीच्या प्रशिक्षणाला जागा मिळाली असती. त्या सकाळी आईला म्हटलं, "आज मले वेचाले नोको धाडू." आभाळाकडे बघत ती म्हणाली, "जपान कोठी पयून चाललं वं? कापूस मातर भिजून जाईन." संध्याकाळी नांदुऱ्याजवळच्या आमच्या घरात, कापसाने भरलेल्या खोलीत, सरकीच्या वासात मी परीक्षेला बसले. बोंडं टोचून बोटांची टोकं सोलली होती. अक्षरं सगळी येत होती. पण ती बोटाने मोबाइलवर काढायची होती; काच सोललेलं बोट ओळखेना, रेघ अर्ध्यातच तुटायची. वेळ संपला. यंदा सासरी घरात कापूस आला, तसा तोच वास आला. वेचून सोललेल्या बोटाने मी मोबाइलवर पुन्हा पहिलं अक्षर काढून पाहिलं. रेघ अर्ध्यातच तुटली.