गुरुवारचं मेयोनीज
व्हिनेगरची बाटली उघडली की रहाटणीतला तो गुरुवार आठवतो. दर गुरुवारसारखी वीज गेलेली, म्हणून कच्च्या अंड्यात व्हिनेगर घालून तेलाची बारीक धार सोडत मी हातानंच मेयोनीज फेटलं, आणि जमल्याच्या आनंदात वरच्या मजल्यावरच्या गरोदर शेजारणीला दोन सँडविच देऊन आले. तासाभरानं नर्स असलेली नणंद ड्यूटीवरून आली नि सगळं ऐकून किंचाळलीच, "वहिनी, पोटुशीला कच्चं अंडं? जंतू असतात त्यात, बाळाला धोका!" लिफ्ट बंद, मी दोन-दोन पायऱ्या टाकत वर धावले. "दोन्ही संपवली गं, मस्तच!" शेजारीण हसली. कच्च्या अंड्याचं न सांगताच मी रिकामी ताटली घेऊन खाली आले. तीन दिवस छताकडे कान लावून मी तिची पावलं ऐकत होते. काल तिची लेक, तेव्हा पोटात असलेली, म्हणाली, "काकू, आई अजून तुमच्या मेयोनीजचं नाव काढते, शिकवा ना." "विकतचं आण बाई," मी म्हटलं, आणि व्हिनेगरची बाटली फडताळात मागे ढकलली.