कोडताईचा नंबर

पालिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर जी बाई बसते, तिला सगळं गाव कोडताई म्हणतं. बसते म्हणणं तसं धाडसाचंच. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती उठते, दारापर्यंत जाते, फोन बघते, परत येते. नुसतं बघूनच माझ्या नाकी नऊ येतात.

याचं मूळ तिच्या भलेपणात आहे. पालिकेने दाखले ऑनलाइन केले, खिडक्या बंद केल्या आणि साहेब फीत कापून मोकळे झाले. घरबसल्या अर्ज भरा, फोनवर कोड येईल, तो टाका, दाखला घ्या. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नाही. कोडताईने आपली वाट काढली. अशांच्या अर्जावर ती स्वतःचाच नंबर टाकायची. गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बायका, बाजारातला हमाल, सगळ्यांचे कोड तिच्या फोनवर. दाखला तयार झाल्याचा निरोपही तिथेच. मग ही बया संध्याकाळी घरी जायचं सोडून दारोदार निरोप सांगत फिरायची. हे एक दिवस अंगाशी येईल, असं मी कितीदा तरी बजावलं. ती हसायची आणि पुन्हा फोन बघायची.

अंगाशी आलं ते नेमकं तिच्या थोरल्या बहिणीच्या ऑपरेशनच्या वेळी. आईमागे याच बहिणीने हिला वाढवलं. ऑपरेशन परवा, आणि दवाखान्याला उद्या सकाळी रहिवासी दाखला हवा. नाहीतर बहीण पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि तेवढी उसंत तिच्या हृदयाला नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. बहिणीकडे फोन नाही, म्हणून नंबर हिचाच. सकाळी अर्ज भरला, दुपार झाली तरी कोड येईना. चौकशी केल्यावर कळलं, एकाच नंबरावर एवढे अर्ज म्हणजे दलालच असणार, असं धरून संगणकाने तो नंबर बंद केला होता.

साहेबांनी हात वर केले. वर कर्मचाऱ्यांचे नंबर यापुढे कोणत्याच अर्जाला चालणार नाहीत, असा हुकूमही काढला, म्हणजे माझाही उपयोग संपला. तिचा नवरा ट्रकवर, त्याचा फोन लागेना. अर्ज घेणं पाचला बंद होतं. मला साहेबांचा असा संताप आला होता की चहा तसाच टेबलावर गार झाला.

शेवटी ती बाहेरच्या बाकांपाशी गेली. जन्मात कोणाकडे काही न मागितलेली बाई, एकेकाला नंबर मागत सुटली. कोणी फोन खिशात सरकवला, कोणी भिंतीकडे बघितलं. कोडाच्या नावाने लोक इतके ठकवले गेलेत, की त्यांना तरी काय बोलणार?

टोकाला इस्त्रीवाल्या आजी बसल्या होत्या. नातवाने घेऊन दिलेला फोन पिशवीत घालून, टपरीच्या परवान्याचं विचारायला आलेल्या. कोडताईने त्यांना सगळं सांगितलं.

आजी म्हणाल्या, "नंबर घाल माझा. पण कोड नाही सांगणार हं. कोणालाच सांगायचा नाही, असं नातवाने शपथ घालून सांगितलंय."

कोडताई रडवेली झाली. "आजी, कोडाशिवाय काही उपयोग नाही हो. माझी ताई जाईल."

आजींनी तिच्याकडे नीट बघितलं. मग पिशवीतून फोन काढला आणि तिच्या हातात दिला.

"हा घे. मी काही सांगितलं नाही. तूच वाच."

आणि शपथ मोडू नये म्हणून आजी तोंड फिरवून बसल्या. कोड आला तेव्हा कोडताईला डोळ्यांतल्या पाण्यामुळे आकडे दिसेनात. शेवटी मी वाचले आणि तिने टाकले.